महाविद्यालयातील थाळीचा प्रश्न

(विद्यार्थी-युवकांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयाचे उपाहारगृह हा राजकीय विषय आहे असे म्हटले तर पुष्कळांच्या ओठांवर हसू येईल. शुल्कवाढ, शिष्यवृत्त्या, बेकारी हे प्रश्न गंभीर. कँटीनमधला वडा गार आहे की तेलकट, ही तक्रार मात्र पोरकट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विद्यार्थी संघटनांच्या मागणीपत्रकात कँटीनचा मुद्दा बहुधा शेवटून दुसरा असतो, आणि शिष्टमंडळ प्राचार्यांच्या दालनातून बाहेर पडते तेव्हा सर्वांत आधी तोच मान्य झालेला असतो. कारण उघड आहे. तो मान्य केल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. चार नव्या खुर्च्या येतात, दरपत्रकाचा फलक पुन्हा रंगवला जातो, ठेकेदाराला समज दिली जाते आणि पंधरवड्यात सारे पूर्ववत होते.

समाजवादी चळवळीने तरी या प्रश्नाला हसू नये. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी देशाच्या विकासाची चर्चा एका नाण्यावर आणून ठेवली होती. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असा त्यांचा दावा होता, आणि सरकार पक्ष हा आकडा पंधरा आण्यांपर्यंत नेत होता. तीन खरे की पंधरा, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी पुढे बराच काळ चालवला. पण त्या चर्चेने एक गोष्ट कायमची शिकवली : कोणतीही व्यवस्था तपासायची असेल तर तिच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाच्या ताटात दिवसाला काय पडते, ते आधी पाहावे. उच्च शिक्षणाच्या व्यवस्थेलाही हीच कसोटी लावली पाहिजे. इमारतीचे मजले, श्रेणींकन, संगणककक्ष यांची मोजदाद होते. दुपारी दोन वाजता वर्गात बसलेल्या मुलाच्या पोटात काय आहे, याची नोंद मात्र कोठल्याही अहवालात नसते.

ज्या मुलाबद्दल हे बोलणे चालले आहे, तो कोण? शहरातल्या घरून डबा आणणाऱ्या विद्यार्थ्याला कँटीन म्हणजे गप्पांची जागा वाटते. पहाटेची पहिली एसटी गाठून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी येणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. ती निघते तेव्हा घरात चूल पेटलेली असतेच असे नाही. परत पोचते तेव्हा दुपार कलून गेलेली असते. मधल्या आठ-नऊ तासांत तिच्या वाट्याला चहा आणि फार तर बिस्किटाचा पुडा येतो. अनेक ठिकाणी मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसते, म्हणून ती पाणीही बेताने पिते. दुसरा विद्यार्थी खोली भाड्याने घेऊन शहरात राहतो. पाऊस दगा देतो त्या वर्षी घरून येणारे पैसे थांबतात, आणि त्याच्या खर्चात पहिली कात्री लागते ती रात्रीच्या जेवणाला. कारण खोलीचे भाडे आणि परीक्षेचे शुल्क थांबत नाही, भूक मात्र थांबवता येते. पुण्याच्या विद्यापीठातील भोजनगृहात २०१९ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले, त्यामागे एका थाळीत दोघांनी जेवू नये हा नियम होता. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. नियम करणाऱ्यांना तो हिशेबाचा आणि शिस्तीचा प्रश्न वाटला असेल. पण एका थाळीत दोघे का बसतात, हा प्रश्न नियमाच्या आधी विचारावयास हवा होता.

महाराष्ट्रात तरी हा प्रश्न नवा नाही. या प्रांतातील शिक्षणाचा इतिहास हा अर्ध्याहून अधिक जेवणाचा इतिहास आहे. जुन्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कथा चरित्रग्रंथांतून गौरवाने सांगितल्या गेल्या. त्या गौरवात एक गोष्ट झाकली गेली : वार लावण्याची सोय जातीने दिलेली होती. शेतकऱ्याच्या, चांभाराच्या, महाराच्या मुलाला पुण्या-साताऱ्यातील कोणते घर वार देणार होते? तेव्हा बहुजनांच्या शिक्षणाचा मार्ग शाळेच्या दारातून जाण्याआधी स्वयंपाकघरातून जावा लागला. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. ती बहुतेक जातवार होती, हा त्या काळाचा नाइलाज होता.

पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह निघाले त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेऊ घातले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. पण या त्यागाइतकीच त्या वसतिगृहाची रचना महत्त्वाची होती. मुले स्वतः दळण-कांडण करीत, शेतात राबत, स्वयंपाकाला हात लावीत आणि भांडी घाशीत. तिथे जेवण हा शिक्षणाला जोडलेला धर्मादाय भाग नव्हता. तो अभ्यासक्रमाचाच भाग होता. समता हा शब्द त्या मुलांना कोणी फळ्यावर लिहून शिकवला नाही, तो त्यांना वाढपी होऊन समजला.

या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आज उपाहारगृह कसे चालते? बहुतेक ठिकाणी ते ठेक्याने दिले जाते. निविदा निघतात आणि जो अधिक भाडे देईल त्याला जागा मिळते. संस्थेच्या दृष्टीने कँटीन हे उत्पन्नाचे साधन ठरते. जसे सभागृह लग्नाला भाड्याने देता येते, तसेच हे. आता या व्यवहाराचा साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, ठेकेदार महिन्याला ३०,००० रुपये भाडे देतो, महिन्याचे २५ दिवस कँटीन चालते आणि दिवसाला ३०० विद्यार्थी तिथे खातात. म्हणजे महिन्याला ७,५०० थाळ्या झाल्या, आणि दर थाळीमागे ४ रुपये केवळ भाड्याचे झाले. थाळीची किंमत ४० रुपये धरली तर त्यातला दहावा हिस्सा अन्नाचा कण न होता संस्थेच्या तिजोरीत गेला. तो संस्थेने दिलेला नाही, ठेकेदारानेही दिलेला नाही. तो भुकेल्या विद्यार्थ्यावर बसवलेला कर आहे.

याच्या जोडीला खराखुरा करही आहे. शिक्षणसंस्थेने स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतः मेस चालवली तर त्या जेवणावर वस्तू व सेवा कर लागत नाही. तेच जेवण करपात्र उलाढाल असलेल्या बाहेरच्या ठेकेदाराने दिले तर महाविद्यालयात त्यावर पाच टक्के कर लागतो, असे स्पष्टीकरण २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने केले. म्हणजे स्वतः जबाबदारी घेणाऱ्या संस्थेला कायदा सवलत देतो, आणि तरीही बहुसंख्य संस्था ठेक्याचाच मार्ग धरतात. कारण स्वयंपाकघर चालवणे हे आपले काम आहे, असे त्यांना वाटतच नाही.

ठेकेदाराला सर्वस्वी दोष देऊनही चालणार नाही. सुट्ट्या आणि परीक्षा वजा जाता त्याचे वर्ष जेमतेम आठ महिन्यांचे असते. त्यातून भाडे, अनामत, गॅस, वीज, पगार भागवायचे तर तो तीनच गोष्टी करू शकतो. मालाची प्रत उतरवतो, तळलेल्या पदार्थांवर भर देतो आणि मजुरीत काटछाट करतो. भाकरी भाजायला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि ती लगेच खावी लागते. वडा-समोसा सकाळी तळून ठेवला की दुपारपर्यंत विकता येतो. मैदा, बटाटा आणि तेल या त्रयीचे राज्य कँटीनमध्ये आहे, ते विद्यार्थ्यांच्या जिभेच्या लाडांमुळे आहे असे समजणे चूक ठरेल. ते भाड्याच्या गणितातून आले आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले जाते. तळून खराब झालेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम २०१८ च्या जुलैपासून लागू आहे; पण कढईपाशी जाऊन ते मोजणारा कोण?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये महाविद्यालयांना पत्रे पाठवून उपाहारगृहांतून निकस, चटकदार खाद्यपदार्थ हद्दपार करण्यास सांगितले. हेतू चांगला होता. परंतु वडापाव काढून टाकला आणि त्याच किमतीत दुसरे पोटभर काही ठेवले नाही, तर गरीब विद्यार्थ्याला मिळालेला संदेश एवढाच की त्याने उपाशी राहावे, मात्र आरोग्यपूर्ण रीतीने राहावे! बंदीचे फर्मान काढण्यास पैसे लागत नाहीत. भाकरी-उसळीची थाळी उभी करण्यास लागतात.

आणि ती थाळी काही अशक्यप्राय वस्तू नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी आणि पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ यांतून वीस-एकवीस ग्रॅम प्रथिने मिळतात. मूठभर शेंगदाण्यांची चटणी किंवा एक उकडलेले अंडे त्यात पडले तर मुलीच्या दिवसाच्या गरजेचा निम्मा भाग एका जेवणात भागतो. धान्यात ज्या घटकाची उणीव असते तो डाळी-कडधान्यांत असतो, म्हणून भाकरी आणि उसळ एकत्र खावी, हे आजीबाईंना ठाऊक होते आणि पोषणशास्त्रानेही ते मान्य केले आहे. मुलींच्या बाबतीत लोहाचा प्रश्न तर याहून तातडीचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. हेच वय अकरावी-बारावीचे आणि पदवीच्या पहिल्या वर्षांचे असते. बाजरी, पालेभाजी, कडधान्ये यांत लोह आहे, लिंबाच्या फोडीने ते अंगी लागण्यास मदत होते, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने त्याला अडथळा होतो. म्हणजे रिकाम्या पोटी बिस्किट आणि वर चहा हा ज्या मुलीचा दुपारचा आहार आहे, तिच्या हाती घरून जे काही लोह आले असेल तेही टिकू नये अशी सोय कँटीनने केलेली आहे.

या ठिकाणी एक तुलना करणे आवश्यक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने, जिथे २५० हून अधिक कामगार असतील अशा कारखान्यांत उपाहारगृह चालवणे मालकावर बंधनकारक करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्याच कायद्याच्या ४६ व्या कलमात पुढे दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. उपाहारगृहाच्या व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत, ही एक. आणि पदार्थांची किंमत ठरवताना कोणता खर्च धरू नये, तो मालकाने सोसावा, हे नियमांनी ठरवावे, ही दुसरी. २०२० च्या नव्या कामगार संहितेने ही मर्यादा १०० कामगारांवर आणली. हा हक्क कोणी दानात दिलेला नाही. संघटित कामगारांच्या चळवळीच्या दबावातून तो आला. तीन-तीन हजार विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयाला मात्र असे कोणतेही बंधन नाही. शाळेत आठवीपर्यंत मध्यान्ह भोजन आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिल्यानंतर ते देशभर पसरले. कारखान्यात उपाहारगृह आहे. शाळा संपते आणि कारखाना सुरू होतो यांच्या मधली जी सहा-सात वर्षे, त्या वयातील माणसाच्या भुकेला आपल्या कायद्यात जागा नाही.

सरकार म्हणेल, त्यासाठी निर्वाहभत्ते आहेत. ते आहेत, आणि चळवळीने ते मिळवले आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भोजनासाठी वर्षाला ३२,००० रुपये ठरवले गेले. वर्षाच्या दिवसांनी भागिले तर ते दिवसाला ८८ रुपयांच्या आत येतात, आणि तेवढ्यात न्याहारी व दोन वेळची जेवणे बसवायची! आदिवासी वसतिगृहांच्या बाबतीत तर शासनाने उलटाच प्रवास केला. एप्रिल २०१८ च्या निर्णयाने वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात देण्याचे ठरले. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये शेकडो आदिवासी मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांची मागणी पैसे वाढवून द्या ही नव्हती. आमचे स्वयंपाकघर परत द्या, ही होती.

त्या मागणीतले शहाणपण ओळखले पाहिजे. रोख रकमेमुळे निवडीचे स्वातंत्र्य मिळते, मेसच्या ठेक्यातील भ्रष्टाचार टळतो, हे म्हणणे खोटे नाही; वसतिगृहांच्या खानावळीत अळ्या निघाल्याच्या तक्रारी काही काल्पनिक नव्हत्या. पण खात्यावरचा पैसा उशिरा येतो, आणि पोट उशीर करू शकत नाही. शिवाय गरीब घरातल्या मुलाच्या खात्यातला पैसा फक्त त्याचा राहत नाही. गावी आई आजारी पडली, बियाण्याची वेळ आली, की तो पैसा घरी जातो. जायलाच हवा असे त्या मुलाला वाटते, आणि त्याच्या ठिकाणी दुसरा कोणीही तेच करील. शिजलेले अन्न असे गावी पाठवता येत नाही. ते ज्याच्यासाठी असते त्याच्याच पोटात जाते. आणि एकत्र स्वयंपाकघर असले की तक्रार करायला शंभर तोंडे एकत्र येतात. शंभर खात्यांतला पैसा शंभर मुलांना एकेकटे करून सोडतो.

मग ठेकेदारही नको आणि केवळ रोख रक्कमही नको, तर काय हवे? उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. १९७४ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ओझी वाहणाऱ्या माणसाला स्वस्त, स्वच्छ, पोटभर जेवण मिळावे आणि त्यावर कोणी नफा घेऊ नये, हा तिचा साधा नियम. १९७५ मध्ये मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. गिरण्यांच्या संपकाळात ज्या बायांनी कामगारांना उधारीवर जेऊ घातले होते, त्या सावकाराच्या विळख्यात होत्या. मंडळामुळे त्यांना बँकेची दारे उघडली. केरळात कुटुंबश्रीच्या बायका उपाहारगृहे चालवतात, आणि देशभरात इंडियन कॉफी हाऊसच्या कामगारांनी १९५७ नंतर आपल्या सहकारी संस्था काढून अशी उपाहारगृहे चालवून दाखवली. ज्यांच्या हाताला चव आहे आणि ज्यांच्या पोटाला भूक आहे, त्या दोघांच्या मधला दलाल काढता येतो, हे या प्रयोगांनी सिद्ध केले आहे.

परदेशांतही हे मान्य झालेले आहे. फिनलंडमध्ये १९७९ पासून उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या जेवणाला सरकारी अनुदान आहे. फ्रान्समध्ये २०२० पासून शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या भोजनगृहात एका युरोत जेवण मिळू लागले. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय भोजनाच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून होणाऱ्या खरेदीसाठी राखून ठेवली. हे शेवटचे उदाहरण महाराष्ट्राने विशेष लक्षात घ्यावे. ज्वारी-बाजरीचा पेरा घटतो आहे म्हणून हळहळायचे आणि त्याच कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला महाविद्यालयात मैद्याचा पाव खाऊ घालायचा, ही विसंगती आहे. तालुक्यातील महाविद्यालयाने आसपासच्या दहा गावांतून ज्वारी, मटकी, भाजी आणि अंडी घेतली तर शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल आणि त्याच्या मुलीला ओळखीचे अन्न.

म्हणून मागणी नेमकी करावी. पहिली, उपाहारगृहाची जागा संस्थेने विनामूल्य द्यावी आणि वीज, पाणी, भांडी यांचा खर्च सोसावा. जो न्याय कारखान्यात आहे तोच इथे. दुसरी, ठेका देण्याऐवजी संस्थेने स्वतःची मेस चालवावी, आणि जिथे ते शक्य नाही तिथे महिला बचत गटाकडे किंवा सहकारी संस्थेकडे काम सोपवावे. तिसरी, रोज एक पूर्ण थाळी मूळ खर्चात मिळावी. राज्यात २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली, तेव्हा उरलेला भार शासनाने उचलला. तसा भार गरजू विद्यार्थ्याच्या थाळीचा उचलावा, आणि भत्त्यांची सांगड महागाईशी घालावी. चौथी, सवलतीची थाळी आणि पुऱ्या किमतीची थाळी दिसायला, चवीला आणि रांगेला एकच असावी. सवलतधारकाला वेगळ्या रंगाचे कुपन देणे म्हणजे वार लावण्याची जुनी पद्धत नव्या कागदावर आणणे होय.

पाचवी मागणी देखरेखीची. विद्यार्थी, शिक्षक आणि स्वयंपाक करणारे कामगार यांची निवडून आलेली समिती असावी. धान्य कोठून आले, काय भावाने आले, तेल कधी बदलले, याचा हिशेब दर आठवड्याला भिंतीवर लागावा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींना जागा दिली आहे. १९९४ च्या कायद्याने बंद झालेल्या थेट निवडणुका परत आणण्याची तरतूदही त्याच कायद्यात झाली. प्रत्यक्ष निवडणुका मात्र लांबणीवर पडत गेल्या. ताटाचा प्रश्न असा मताच्या प्रश्नाला येऊन भिडतो.

यावर आक्षेप येतील. विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातात, सहकारी प्रयोग उधारीत बुडतात, हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे आणि तो झिडकारू नये. उत्साहाने काढलेल्या आणि दुसऱ्या वर्षी कुलूप लागलेल्या विद्यार्थी भांडारांची उदाहरणे गावोगाव सापडतील. म्हणूनच रोजचे काम पगारी, कायम व्यवस्थापकाकडे असावे, उधारी नसावी, आणि समितीचे काम देखरेखीचे असावे. स्वस्त थाळीचा भार कामगाराच्या पगारावर टाकू नये, हेही तितकेच निक्षून सांगितले पाहिजे. जो पोऱ्या पहाटे पाचला कँटीनचे शटर उघडतो तोही कुणा विद्यार्थ्याच्या वयाचा असतो. त्याला किमान वेतन न देता मिळवलेला स्वस्तपणा समाजवादी म्हणता येणार नाही.

आणखी एक इशारा ‘कमवा आणि शिका’ या योजनेबद्दल. कर्मवीरांच्या वसतिगृहात सर्वच मुले भांडी घाशीत होती. आज गरीब विद्यार्थी ताटे उचलतो आणि त्याचाच वर्गमित्र ती टाकून उठतो, असे चित्र निर्माण झाले तर श्रमप्रतिष्ठेचे नाव घेऊन श्रमाची जुनी उतरंडच पुन्हा रचली जाईल. ज्याने जेवले त्याने आपले ताट स्वतः धुवावे, आणि वाढण्याची पाळी प्राध्यापकांसह सर्वांवर यावी. काय खावे यावरून पंक्तिभेदही होऊ नये. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत शाकाहारींसाठी वेगळी टेबले राखण्यावरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. ज्याला जे खायचे नाही ते त्याच्या ताटात पडू नये, ही काळजी स्वयंपाकघराने घ्यावी. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यावर बसण्याची जागा ठरू लागली की १९२४ ची साताऱ्याची पंगत मोडली असे समजावे.

मत, फावडे आणि तुरुंग ही लोहियांनी सांगितलेली तीन साधने होती. या प्रश्नात तुरुंगापर्यंत जाण्याची वेळ सहसा येऊ नये. पण फावड्याच्या जागी झारा-पळी आणि मतपत्रिका ही दोन साधने विद्यार्थ्यांच्या हाती आजच आहेत. शिबिरातून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाच्या कँटीनचा करारनामा माहितीच्या अधिकारात मागावा, भाड्याला थाळ्यांनी भागावे आणि येणारा आकडा खडूने फळ्यावर लिहावा. त्या दिवशी डबा न आणलेले किती जण वर्गात बसले आहेत, तेही मोजावे. पुढची सभा त्या दोन आकड्यांवर घेता येईल.